कयाकसाठी टपावरचे सॅडल: दोन हंगाम वापरल्यानंतर

मासेमारीची कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, गाडीच्या टपावर टाकून लांब जायचं तर कॅरियर कोणता घ्यावा, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहिते. मी वापरते तो चार सॅडलचा, म्हणजे कयाकचं बूड ज्यांवर टेकतं त्या आधारांचा, संच आहे. पुढच्या आडव्या बारवर दोन, मागच्या बारवर दोन, सोबत कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे) दोन पट्टे आणि पुढचं टोक बांधायला दोन दोऱ्या. यावरून माझी कयाक अकरा वेळा गेली. सगळ्यात लांबचा प्रवास एका दिवसात 640 किलोमीटरचा. सॅडल उत्तम, पट्टे चांगले, दोऱ्या मात्र घरी आणल्या दिवशीच बदलून टाकाव्यात अशा.

आधी वजनाचं बोलते, कारण त्याचा हिशेब चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ. माझी कयाक वर बसून वल्हवायची आहे, 3.6 मीटर लांब, 86 सेंटिमीटर रुंद. नुसती कयाक 36 किलो. खुर्ची, वल्हं, फिश फाइंडरची (पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राची) बॅटरी, रॉड ठेवायची पेटी धरली की आकडा 45 च्या पुढे जातो. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात टपासाठी 75 किलोची मर्यादा दिलीय. ही गाडी चालत असतानाची मर्यादा आहे आणि त्यात बार आणि सॅडलचं वजनही धरायचं असतं. बरेच जण इथेच चुकतात. माझे बार 6 किलोचे, सॅडल 4 किलोचे, म्हणजे कयाकसकट 46. टप, बार आणि सॅडल या तिघांची मर्यादा वेगवेगळी असते आणि त्यातली सगळ्यात कमी असेल तीच खरी. एवढी जागा शिल्लक आहे म्हणून खुर्ची वरच राहू द्यावी असं वाटतं, पण देऊ नका. खुर्ची वारा धरते. मी खुर्ची, रॉड, फिश फाइंडर, झाकणांखालचं सगळं सामान डिकीत टाकते आणि झाकणं लावून वरून एक बारीक दोरी मारते.

याआधी माझ्याकडे इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे क्रेडल होते. त्यात कयाक कुशीवर उभी राहते आणि टपावर जागा कमी लागते. बारीक, हलक्या कयाकला ते छान आहेत. पण माझ्या जोडीवर 34 किलोची मर्यादा छापलेली होती, म्हणजे माझी कयाक त्या मर्यादेत बसतच नव्हती. शिवाय 86 सेंटिमीटर रुंदीची कयाक उभी केली की टपावर भिंत बांधल्यासारखं होतं. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी ढकलली जायची आणि मग ओढली जायची, आणि स्टिअरिंगवरचा हात सैल सोडायची सोय नव्हती. सॅडलवर कयाक आडवी, बूड खाली करून बसते. वारा तिच्यावरून आणि खालून निघून जातो. हा फरक पहिल्याच प्रवासात, अगदी पहिल्या उड्डाणपुलावर कळला.

सॅडलची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्यांचा आकार. कयाकचं बूड पॉलिइथिलीनचं असतं, आणि सपाट बारवर ते तासन्‌तास आवळून ठेवलं की खाली बारच्या मापाची खाच पडते. उन्हात तर नक्कीच, कारण हे प्लास्टिक तापलं की नरम पडतं. सॅडलचे चारही तुकडे बुडाच्या वळणाप्रमाणे झुकतात, त्यामुळे भार पसरतो. तरी दुपारी जेवायला थांबले की मी पट्टे जरा ढिले करते आणि निघताना पुन्हा ओढते. एकदा विसरले होते, तेव्हा डाव्या बाजूला हलकासा खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी कयाक उलटी करून उन्हात ठेवली, वरून गरम पाणी ओतलं, आणि संध्याकाळपर्यंत खड्डा जवळजवळ भरून आला.

मागच्या दोन सॅडलवर रबराऐवजी फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, आहे. ही छोटीशी करामत एकटीने कयाक चढवणाऱ्यासाठी फार मोलाची आहे. डिकीच्या काचेवर जुनी रबरी पायपुसणी टाकायची, कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून मागच्या फेल्टवर टेकवायची, मग मागे जाऊन दुसरं टोक उचलायचं आणि पुढे सरकवायचं. एका वेळी अर्धंच वजन हातात येतं. पुढच्या सॅडलचं रबर तिला धरून ठेवतं. अडचण एकच, किनाऱ्यावरची वाळू फेल्टमध्ये अडकते आणि बुडाला ओरखडे काढते. म्हणून चढवण्याआधी फेल्टवरून ब्रश फिरवा.

दोन बारमध्ये अंतर किती ठेवायचं, हे संचाच्या कागदावर एका ओळीत उरकलंय: किमान 60 सेंटिमीटर. मी सुरुवातीला 70 ठेवलं होतं आणि खड्ड्यातून जाताना नाळ वरखाली डोलायची. माझ्या गाडीला टपावर लांबीने जाणारे रेल आहेत, त्यामुळे बार सरकवून 90 वर नेले. डोलणं जवळपास थांबलं. बार जितके दूर, तितका टोकांचा हिसका कमी. गाडीने परवानगी दिली तर लांब ठेवा.

आता पट्टे. लेबलवर पॉलिस्टर लिहिलंय आणि हे मला आवडलं. नायलॉनचा पट्टा पावसात पाणी पितो आणि ताणला जातो, म्हणजे घरून कचकून बांधलेली कयाक शंभर किलोमीटरवर सैल झालेली असते. पॉलिस्टर तसं फारसं करत नाही. पट्टा कयाकवरून टाकायचा, बारच्या खालून घ्यायचा आणि परत वरून आणून बकलमध्ये ओवायचा. बारच्या खालून घेताना तो बारच्या पायाच्या आतल्या बाजूने गेला पाहिजे. बाहेरून घेतला तर बारच्या टोकावरून घसरू शकतो. मग हातानेच ओढायचं. रॅचेटचे पट्टे इथे वापरूच नका. त्याच्या दांड्याने इतकी ताकद लागते की बूड आत दबतं आणि ते आपल्याला कळतही नाही. बकलखाली रबराची गादी आहे, पण ती आखूड. बकल जरा सरकलं की धातू टपाच्या रंगाला लागतो. माझ्या टपावर नखाएवढा ओरखडा आहे, आणि हे कंपनीने सहज टाळायला हवं होतं.

पहिल्या लांबच्या प्रवासात गाडी दादा चालवत होता. वेग 80 च्या वर गेला आणि वरून भोंग्यासारखा घुमणारा आवाज सुरू झाला.

“ताई, इंजिनचं आहे का काही?”

“नाही रे दादा, पट्टा वाजतोय. बाजूला घे.”

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, पण घरात त्याला सगळे दादाच म्हणतात. त्याने गाडी बाजूला घेतली, मी दाराच्या उंबऱ्यावर चढले आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. गाडी उभी होती तरी वाऱ्याने पट्टा थरथरत होता. सपाट, ताणलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून वारा आळीपाळीने भोवरे सोडतो आणि सगळा पट्टा एका तालात थरथरायला लागतो. बकल सोडलं, पट्ट्याला बारपासून कयाकच्या काठापर्यंत एक पीळ दिला आणि पुन्हा ओढलं. पीळ दिला की प्रत्येक ठिकाणी वारा वेगळ्या कोनात लागतो आणि सगळा पट्टा एकदम थरथरू शकत नाही. आवाज गेला. तेव्हापासून दोन्ही बाजूंना एकेक पीळ द्यायचाच. उरलेली शेपटी गाठ मारून दारात अडकवते, नाहीतर ती टपावर रात्रभर टकटक करत राहते.

आणि दोऱ्या. संचात आल्या त्या प्लास्टिकच्या चाकावर ओढून घट्ट करायच्या आहेत. तिसऱ्या प्रवासात पुढच्या उजव्या दोरीच्या चाकाचे दात सरकले, दोरी ढिली पडून बॉनेटवर आपटायला लागली. मी लगेच थांबले म्हणून ठीक. पुढची सैल दोरी गाडीच्या चाकाखाली गेली तर गाडी स्वतःच कयाकची नाळ खाली ओढून घेते, आणि मग टपावर काय होईल ते सांगायला नको. मी कंपनीला कळवलं, त्यांनी दोरीचं चाक बदलून दिलं, तसंच, त्याच प्लास्टिकचं. मी ते लावलंच नाही. आता 8 मिलिमीटरची साधी पॉलिस्टर दोरी वापरते आणि ट्रकवाले माल आवळतात ती गाठ मारते, जिच्यात दोरीचाच फास करून त्यातून परत ओढता येतं. आजच्या बऱ्याच गाड्यांना पुढे बंपरखाली दोरी अडकवायला हूक नसतो. त्यासाठी बॉनेटखालच्या बोल्टला पट्टीचे फास लावून घेतले, बॉनेट बंद केलं की फास दोन बाजूंनी बाहेर डोकावतात. या दोन्ही दोऱ्या नाळेपासून उलट्या व्हीसारख्या खाली येतात. त्या आवळायच्या नसतात. नुसता ताण राहील इतपतच, नाहीतर नाळ खाली वाकते. त्यांचं काम एवढंच, की पट्टा तुटला तर कयाक मागच्या गाडीवर जाऊ नये. म्हणूनच मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते.

वेगाबद्दल एक. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 110 ऐवजी 90 ने गेलं तर कयाकवरचा दाब एक तृतीयांश कमी होतो. दोन-तीन तासांच्या प्रवासात फारतर पाऊण तास जातो. माझी गाडी एरवी लिटरला 17 किलोमीटर देते, कयाकसकट 14. निघाल्यावर वीसएक किलोमीटरवर एकदा थांबून दोन्ही पट्टे आणि दोन्ही दोऱ्या हाताने तपासते, मग दर दीड-दोन तासांनी. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधते. कुठे किती बाहेर चालतं ते जिथे जायचं तिथल्या नियमांत बघून घ्या.

खारं पाणी लागलं की बकल गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, नाहीतर स्प्रिंग अडकते. दोन वर्षांत माझ्या संचाचं काय झिजलं? मागच्या डाव्या सॅडलचं फेल्ट कडेला सुटायला लागलंय आणि एका पट्ट्याचा रंग उन्हाने उडालाय. रंग उडाला म्हणजे धागाही उन्हाने खाल्लाय, म्हणून तो पट्टा आता नुसत्या वल्ह्यांना बांधायला ठेवलाय आणि नवी जोडी आणलीय. फेल्ट या आठवड्यात बदलेन.