आयरिस म्हणून आंबेहळद, आणि रिफंड म्हणून अजून ५,३४९ रुपये

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. आयरिस नावाच्या फुलझाडाचे कंद आणि गुलाबाची कलमं विकणाऱ्या ज्या ऑनलाइन जाहिरातीला मी फसले, परवा मावसबहिणीने तीच मला फॉरवर्ड केली, "तुला आवडेल बघ" म्हणून, खाली दोन बदाम. आवडली होती बाई. १०,६९८ रुपयांना आवडली होती. म्हणून आता लाज बाजूला ठेवून लिहितेय.

असली पेजेस कशी असतात ते तुम्हाला माहितीये, तेच ते, "फक्त आज", कमेंट बंद, सीओडी नाही, पैसे आधी यूपीआयने. मलाही माहिती होतं. सोसायटीच्या ग्रुपवर असल्या लिंकांपासून सावध राहा म्हणून मेसेज टाकणारी मीच असते, त्यामुळे आता ग्रुपवर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

कॉम्बो होता "आयरिस-गुलाब एकत्र बाग". बारा आयरिसचे कंद, सहा गुलाबाची कलमं, त्यातली दोन निळी. ३,४९९ रुपये. मे महिन्याची गोष्ट.

आता कोणी म्हणेल निळा गुलाब म्हटल्यावरच कळायला हवं होतं. थांबा. मी नऊ वर्षं गुलाब लावतेय, ऑक्टोबरची छाटणी स्वतः करते, निळा गुलाब नसतो हे मला पाठ आहे. मी तसं त्या पेजवाल्या माणसाला विचारलंसुद्धा. तर त्याने व्हॉइस नोट पाठवली, अगदी शांत आवाजात, की मॅडम गुलाबात डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य तयार होत नाही म्हणून निळा होत नाही, पण शास्त्रज्ञांनी आयरिसचं जीन (जनुक) घालून तो केलाय, म्हणून तर आमचा कॉम्बो आयरिस आणि गुलाबाचा आहे. मी शोधलं. आणि खरं निघालं हो! २००७ च्या संशोधनात पॅन्सीचं जीन आणि आयरिसचं जीन वापरून गुलाबात ते रंगद्रव्य आणलं होतं. जपानमध्ये २००९ पासून ते रंगद्रव्य असलेला गुलाब विकायलाही आला. फक्त तो निळा नाहीच, सरळसरळ फिकट जांभळा आहे. फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी काय ठरवलं, तर माझ्या मोबाईलचा डिस्प्ले नीट नसेल.

बाकीचंही तो सगळं बरोबर बोलत होता, हीच तर गंमत. गुलाबाला पाणी आणि खत भरपूर लागतं, आयरिसच्या कंदाला ओल चालत नाही, सडतो, म्हणून दोन्ही एकाच आळ्यात लावू नका. आयरिस वाफ्याच्या कडेला, थोडा उंचवटा करून, गुलाबापासून दीड फूट लांब, गुलाबाची सावली पडणार नाही अशा बाजूला. कंद पुरायचा नाही, त्याची पाठ उन्हात उघडी ठेवायची. गुलाबाच्या बुडाशी पालापाचोळा घाला पण तो आयरिसवर सरकू देऊ नका. एकही वाक्य चुकीचं नाही, मी आजही कोणाला हेच सांगेन. एवढं नीट सांगणारा माणूस चोर असेल असं वाटेल का कोणाला? चोराला बागकाम येत नाही असं कुठे लिहिलंय म्हणा.

फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. दाढीवाल्या आयरिसला, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो ना तो, त्याला फुलायला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. काश्मीरमध्ये कबरस्तानांत आयरिस फुलतात ते उगाच नाही. आमच्याकडे डिसेंबरातही पंखा लागतो. खरे कंद आले असते तरी बहुतेक नुसती पानं बघत बसले असते. कोणाला आयरिसच्या तोंडवळ्याचं काही उष्ण हवेत लावायचंच असेल तर निओमारिका नाहीतर आफ्रिकन आयरिस लावा, जवळच्या नर्सरीत मिळालं तर हातात घेऊन बघून घ्या.

पैसे भरल्यावर चार दिवसांनी मेसेज. "मॅडम तुमचं पार्सल इम्पोर्ट क्वारंटाइनमध्ये अडकलंय, १,८५० रुपये क्लिअरन्स, फुल्ली रिफंडेबल." आता ऐका. त्या पेजच्या नावाखालीच लिहिलं होतं की आमची शेती काश्मीरमध्ये आहे. काश्मीरहून इथे यायला कसला इम्पोर्ट? हे मला कधी सुचलं, तर जुलैमध्ये, भांडी घासताना. आणि खरंच परदेशातून रोपं आणायची तर परवाना आधी काढावा लागतो, तिकडच्या सरकारचं रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते सगळं आणणाऱ्याने करायचं असतं, गिऱ्हाईकाने कोणाच्यातरी पर्सनल यूपीआयवर पैसे टाकून नाही. "रिफंडेबल" हा शब्द दिसला की फोन खाली ठेवा. मी भरले. ३,४९९ अडकलेत ना मग १,८५० साठी कशाला सोडा, असा हिशेब.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पार्सल आलं. आलं म्हणून मी इतकी खूश की नवऱ्याला म्हटलं, बघ, तू उगाच संशय घेत होतास.

आता तो क्षण. हा मी रोज रात्री आठवते. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बारा कंद मांडले. फिकट तपकिरी, गाठीगाठीचे, आल्यासारखे. आयरिसचा कंदही आल्यासारखाच दिसतो, पण त्याला कातरलेल्या पानांचा छोटा पंखा असतो आणि खाली मुळांची दाढी असते. ह्यांना दोन्ही नव्हतं. म्हटलं प्रवासासाठी काढलं असेल. एका कंदाचं बोटाएवढं पेर माझ्या हातात मोडलं, आत फिकट पिवळं, आणि घमघमून कैरीचा वास आला. कैरीचा! आपण सगळे हा वास लहानपणापासून ओळखतो. आणि मी, वय वर्षं सत्तेचाळीस, तो तुकडा नाकाशी धरून म्हणाले, "अय्या, सुगंधी जात दिसतेय."

का, तर मी अर्धवट वाचलं होतं. आयरिसच्या कंदापासून अत्तरात घालायचं ऑरिस रूट बनतं, हे खरं आहे. पण तो वास कंद काही वर्षं सुकवून ठेवल्यावर येतो, आणि तो व्हायोलेटसारखा असतो, ताज्या कंदाला काही सांगण्यासारखा वास नसतोच. काही न वाचलेल्या बाईने तिथेच ओळखलं असतं. आमच्या सासूबाईंनी तर लांबूनच ओळखलं असतं, पण मी त्यांना हात लावू दिला नव्हता. "आई, इम्पोर्टेड आहेत ते" म्हटलं होतं. हे लिहिताना आत्ताही कान गरम झालेत.

गुलाबांचंही तेच. कलम म्हटलं की डोळा भरलेली गाठ दिसलीच पाहिजे, बुंध्याशी फुगीर. ह्या सहाच्या सहा सरळ काड्या. नुसत्या खुंटाच्या, म्हणजे ज्यावर डोळा भरतात त्या गावठी गुलाबाच्या. पालवी फुटली तर बऱ्याच पानांना सात-सात पर्णिका, जे फुटवे मी एरवी खुंटाचे म्हणून मोडून टाकते तेच मी जीवापाड जपत होते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, गाठ नसेल तर तिथल्या तिथे फोटो. मी व्हिडिओ काढला नाही.

पाऊस झाला, कंद फुटले. आयरिसचं पान तलवारीसारखं चपटं, एकात एक बसलेलं. इथे गुंडाळी उलगडून चांगलं तळहाताएवढं रुंद पान बाहेर आलं. सासूबाई फुलं तोडायला गेल्या होत्या, तिथूनच हाक मारली, "अगं, आंबेहळद कधी लावलीस? चांगली आलीये की!"

इथेच गप्प बसले असते तर ५,३४९ वर भागलं असतं. पण मला राग आला होता. मी त्याला शिव्या घातल्या, तर तो माफी मागायला लागला, स्टाफची चूक झाली मॅडम, पूर्ण ५,३४९ परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा. मी स्कॅन केला. रक्कम बरोब्बर ५,३४९ दिसली, म्हटलं माणूस इमानदार आहे. पिन टाकला. टाकला तेव्हा स्क्रीनवर वर स्पष्ट "पेइंग" लिहिलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे माझ्या मुलाला मीच शिकवलंय. पण रागात आणि घाईत माणूस रक्कम वाचतो हो, शब्द नाही. टिंग वाजलं आणि अजून ५,३४९ गेले. त्याच मिनिटाला त्याने ब्लॉक केलं.

तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. ही दुसरी मोठी चूक. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर त्या खात्यात अडवता येतात. चौथ्या दिवशी केला, बऱ्याच वेळाने लागला, त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागितला (तो आधीच काढून ठेवा, ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात असतो), नोंदलं, आणि म्हणाले पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशन म्हणालं हे सायबरचं आहे. सायबरवाले म्हणाले रक्कम किती, दहा हजार? इथे लोकांचे वीस-वीस लाख गेलेत ताई. मग माझे दहा हजार काय झाडाला लागले होते? लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. झेरॉक्स आणा म्हणाले. आणली. साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणाले. तिसऱ्या खेपेला तिथल्या हवालदाराने अर्ज वाचला, पूर्ण वाचला, आणि हसून म्हणाला, "मॅडम, आंबेहळदीचं लोणचं मस्त होतं की." बाकावर बसलेली दोन माणसंही हसली. त्यातल्या एकाचे सव्वा लाख गेले होते, तोसुद्धा हसला.

बँकेत वेगळीच तऱ्हा. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, पिन कोणी टाकला? मी. मग मॅडम आमची जबाबदारी नाही. अहो पण ज्या खात्यात गेले ते खातं तर कुठल्यातरी बँकेनेच उघडून दिलंय ना, त्याचं केवायसी असेल ना, मग पत्ता काढा की त्याचा! तो आम्हाला देता येत नाही. ॲपवर तक्रार टाकली तर दोन दिवसांत बंद, शेरा काय, "व्यवहार यशस्वी". हो, त्याच्या बाजूने यशस्वीच झाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर म्हणाले विक्रेत्याचं नाव-पत्ता, जीएसटी नंबर द्या. चोराने जीएसटी नंबर दिला असता तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता? सायबर पोर्टलवर माझी तक्रार अजून "अंडर प्रोसेस" आहे, मी सकाळी चहाबरोबर उघडून बघते, सवयच लागलीये.

ऑर्डर करायच्या आधी फोटो रिव्हर्स सर्च करा, मी नंतर केला तर तो वाफा तिसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या बागेचा निघाला, मागे सूचिपर्णी झाडं सुद्धा आहेत. पेमेंट ॲपमध्ये नाव कोणाचं येतं ते बघा, नर्सरीचं की कुठल्या माणसाचं. मला एका माणसाचं आलं होतं.

आणि तो फोटो ओळखून ठेवा: जांभळे आयरिस, मागे गुलाबी गुलाब, डाव्या कोपऱ्यात पत्र्याचा हिरवा झारा, तोटी थोडी वाकलेली. मावसबहिणीने पाठवलेल्या जाहिरातीत पेजचं नाव वेगळं आहे, झारा तोच आहे. कॉम्बो आता २,९९९ ला देतायत.