शैवाकांसाठी १० पटीचं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची टॉर्च : कणकुंबी-जांबोटीच्या रानात वापरून

दोन्ही वस्तू पावसाळ्याच्या तोंडावर घेतल्या, आता हिवाळा सरत आलाय. काम एकच : मलप्रभेच्या उगमाकडच्या ओढ्यांकाठी झाडांवर, दगडांवर वाढणारी शैवाकं (बुरशी आणि शैवल मिळून झालेला जीव) नोंदवायची. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच.

भिंग १० पटीचंच घ्या. ते झाडापासून साधारण २५ मिलिमीटरवर धरता येतं. २० पटीचं त्याच्या निम्म्या अंतरावर न्यावं लागतं, आणि ओढ्याकाठच्या अंधाऱ्या झाडीत तिथं आपल्याच डोक्याची सावली पडते. ग्राफिस या शैवाकाच्या काळ्या रेघांची चीर उघडी आहे की मिटलेली, पानासारख्या शैवाकावर पूड आहे की बारीक खुंट, हे १० पटीत स्वच्छ दिसतं, आणि बरीचशी ओळख तिथंच पटते. तक्रार एक आहे. ऐन पावसात जोडकाचांच्या आत बुरशीचे धागे धरले. हे आमच्या भागात कुठल्याही भिंगाचं होऊ शकतं, म्हणून घरी आल्यावर सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय लावा. दुसरं भिंग तसं ठेवलंय, अजून लख्ख आहे.

अतिनील टॉर्च घेताना ३९५ नॅनोमीटरची स्वस्तात मिळते, ती नको. तिचा जांभळा उजेड एवढा असतो की मंद चमक त्यात बुडून जाते. ३६५ खाली पिक्सिन कोकोज हे शैवाक पिवळं चमकतं, त्यातल्या लायकेक्झँथोन या रसायनामुळे. मात्र ते नारळाच्या, रस्त्याकडेच्या आंब्याच्या खोडावर जास्त. दाट रानात टॉर्च बहुतेक वेळ पिशवीतच राहिली. डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चष्मा हवाच.

खरा फरक पडला तो ओलं आणि कोरडं दोन्ही बघण्याने. शैवाक भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो, आतलं शैवल दिसू लागतं आणि राखाडी ठिपका हिरवा होतो. लेप्टोजियम हे शैवाक तर पाणी पिऊन लिबलिबीत फुगतं. उन्हात तेच काळपट, कागदासारखं पातळ. म्हणून त्याच खोडाचे जुलैत आणि जानेवारीत असे दोन फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

नमुना घ्यायचाच तर ओळखीच्यांच्या बागेतून, विचारून, सालीचा पातळ पापुद्रा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही खरवडू नका, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारा जीव आहे तो. नमुना कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी येते. पाकिटावर झाड, उंची, ओढ्यापासूनचं अंतर, तारीख पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

रासायनिक चाचणी शिकायला रानात जायचीही गरज नाही. बाजारातलं दगडफूल आणा, त्यात बऱ्याच जातींची सरमिसळ असते. भिंगाखाली खुंट असलेला तुकडा निवडा, ब्लेडने वरचा थर खरवडून पांढरा गर उघडा आणि ताज्या ब्लीचचा थेंब सोडा. तो पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीचा असेल तर लगेच लाल होतं, लेकॅनोरिक आम्लामुळे. लाल रंग थोड्याच वेळात उडतो, तेव्हा भिंग आधीच डोळ्याला लावून ठेवा. जुनं ब्लीच कमजोर पडतं, छोटी बाटलीच आणा.