एक्झॉर्सिस्ट लावायचा की एमिली रोझ?

शनिवारी रात्री रामबागेतल्या आमच्या घरी भावंडं जमली की सिनेमा ठरवण्यातच दहा वाजतात. या खेपेला अंगातलं भूत उतरवण्याच्या सिनेमांची दोन नावं उरलीत: विल्यम फ्रीडकिनचा १९७३ चा 'द एक्झॉर्सिस्ट' आणि स्कॉट डेरिक्सनचा २००५ चा 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ'. इंदूरमध्ये आणखी कुणाच्या घरी हाच घोळ चालला असेल, तर माझं मत सांगते.

एक्झॉर्सिस्टला धीर लागतो. सुरुवात इराकमधल्या उत्खननात होते, भूत बऱ्याच उशिरा उघड होतं. तोवर बारा वर्षांच्या रेगनला तिची आई डॉक्टरांकडे नेत राहते. मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात, रक्ताची चिळकांडी उडते. गरकन फिरणारी मान मी पाहू शकते, हे नाही. डॉक्टर हरतात, मानसोपचारवाले हरतात, तेव्हा कुठे देवधर्म न मानणारी ती बाई पाद्र्याकडे जाते. आमच्या आजीकडे ताप चढला की आधी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची, मग दवाखाना. इथे क्रम उलटा, म्हणून त्या आईची अगतिकता जास्त लागते. शेवटी पाद्र्यांच्या तोंडून निघणारी वाफही खरी आहे, कारण खोलीचा सेट खरोखरच गोठवला होता. आवाज नीट ऐकू येईल असा स्पीकर लावा. ध्वनीसाठी याला ऑस्कर मिळालं आहे. क्रूसाचं एक दृश्य मात्र लहान मुलांसमोर नकोच.

एमिली रोझ हा मुळात कोर्टाचा सिनेमा. मुलगी आधीच गेलेली, पाद्री आरोपीच्या पिंजऱ्यात, त्याची वकील स्वतः साशंक. जेनिफर कार्पेंटरचं वेडंवाकडं होणारं शरीर पाहताना अंगावर काटा येतो, आणि नंतर वाद घालायला भरपूर मिळतं. पण मला यातली एक गोष्ट खटकते. ही कथा ॲनेलीझ मिशेल या जर्मन मुलीवरून सुचलेली. तिच्यावर अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, उपचार झाले होते. पुढे भूत उतरवण्याचे ६७ विधी झाले आणि १९७६ मध्ये २३ व्या वर्षी ती उपासमारीने गेली. १९७८ मध्ये तिचे आईवडील आणि दोन पाद्री दोषी ठरले. सिनेमात मात्र बचावाची वकील म्हणते, गोळ्यांमुळेच विधी फसला. आणि सिनेमा त्या म्हणण्याला बराच मान देतो.

तुमच्या घोळक्याला भुतापेक्षा वादच हवा असेल, तर एमिली रोझ जरूर लावा आणि ॲनेलीझची हकीकत आधी सांगून टाका. निव्वळ भीती हवी असेल तर एक्झॉर्सिस्ट, तोही मूळ प्रतीत. २००० सालच्या वाढीव प्रतीतली भर मला नकोशी वाटते.

आमचं ठरलं आहे. माझ्या मावसबहिणीला फिट्स येतात, रात्री नऊला तिची गोळी असते आणि ती चुकवायला ती आधीच टपलेली असते. शनिवारी ती येणार आहे. एक्झॉर्सिस्टमध्ये काय काय आहे ते तिला सांगितलं, ती म्हणाली चालेल. गोळी झाली की सिनेमा लावणार.