बेसमेंटमधली खेळायची जागा: फोम टाइल्स की रबर रोल?

अमेरिकेतल्या घरांत बेसमेंटची जमीन अनेकदा उघडं काँक्रीट. आधी ओल तपासायला त्यावर दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून चोवीस तास ठेवा. खाली दव धरलं तर दोन्ही बेत थांबवा. अडकलेल्या ओलीवर बुरशी धरते.

कोरडं असेल तर फोम स्वस्त, पायाला उबदार, कटरने सहज कापला जातो. पण पळापळीत सांधे उचकटतात, जड वस्तूंचे खड्डे राहतात. रबर जागचं हलत नाही, चेंडूही नीट उसळतो. मात्र ८ मिमी जाडीचा, ४ बाय १० फुटी रोल साधारण ३५ किलो भरतो. जिन्यावरून उतरवायला दोघं हवेत. वासही काही दिवस छळतो.

धावाधावीसाठी रबरच घ्या. चढायची शिडी लावणार असाल तर खाली जाड जिम मॅट वेगळी लागेल. एवढं पातळ रबर पडण्याचा मार झेलत नाही.