ट्यूबवाली पुट्टी: जुन्या पिकअपच्या पत्र्याला किती लावावी, कुठे लावूच नये

दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हटलं की कोणता डबा पुढे येईल याचा नेम नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी एकाच डब्यात येते, थिनर उडून वाळते आणि वाळताना आक्रसते. सँडपेपरचे ओरखडे नि टाचणीएवढी भोकं बुजवायला ती ठीक आहे. खड्ड्यात जाड भरली तर वरून कोरडी, आतून ओलीच राहते आणि रंगकाम झाल्यावर काही दिवसांनी तिथे पुन्हा खोलगा दिसायला लागतो. पत्रा सपाट करायचं खरं काम पॉलिएस्टर पुट्टीचं. तिच्यासोबत हार्डनरची ट्यूब मिळते, म्हणून मागतानाच ‘ट्यूबवाली’ म्हणावं. हे परीक्षण तिचंच आहे: 1 किलोचा डबा, गाडी 1988 साली आलेल्या टाटामोबाइल 206 सारखी किंवा जीपच्या तोंडाची जुनी महिंद्रा पिकअप, आणि काम घरच्या अंगणात.

माल चांगला आहे. ‘पुट्टी फुगली’, ‘पुट्टी सुटली’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यात बहुतेक वेळा दोष तिच्याखाली शिरलेल्या पाण्याचा असतो.

नाशिकच्या जुन्या पिकअपने काय काय वाहिलं, ते हौद्यात वाकून पाहिलं की कळतं. लासलगावला कांदा नेणाऱ्या गाडीत पात आणि टरफलं कोपऱ्यात साचून ओल धरतात. पत्रा सडतो तो फाळक्याच्या बिजागरीपाशी आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर. द्राक्षबागेतल्या गाडीचं दुखणं वेगळं, मोरचूद. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारायचं मिश्रण) जमलं का हे बघायला बागायतदार त्यात विळ्याचं पातं बुडवतात आणि पातं तांबडं पडलं तर आणखी चुना घालतात. हौद्यात सांडलेला मोरचूद ओला झाला की हीच क्रिया पत्र्यावर होते. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं आणि त्या तांब्याभोवती गंज पुढे चालूच राहतो. अशी जागा आधी भरपूर पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मग ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून तांबूस छटा जाऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची. स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तिथे पुट्टी लावायचीच नाही. धड पत्र्यापर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचं ठिगळ बसवा आणि एकमेकांपासून लांब लांब टाके मारत वेल्डिंग करा. सलग रेघ ओढली तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, आणि तो सरळ करायला मग डबाभर पुट्टी जाते.

भोकावर जाळी ठेवून वरून पुट्टी फासायचा प्रकार तर करूच नये. या पुट्टीत मुख्य भरणा शंखजिऱ्याच्या पुडीचा असतो, त्यामुळे ती पाणी शोषते. मागून चाकांनी उडवलेलं पाणी जाळीतून आत येतं, पुट्टीत मुरतं आणि एका पावसाळ्यात रंगाला फोड येतात.

खाली काय असावं? 80 नंबरच्या सँडपेपरने घासलेला उघडा पत्रा चालतो. पावसाळी हवेत मात्र उघड्या पत्र्यावर काही तासांत तांबूस झाक येते, म्हणून आधी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, तो पक्का झाल्यावर खरवडून वर पुट्टी, हा क्रम जास्त भरवशाचा. ॲसिडवाल्या ‘एच’ (etch) प्रायमरवर लावू नका. त्यातल्या ॲसिडने हार्डनरचं काम बिघडतं आणि थर सुटतो. जुन्या ड्यूको (एनसी) रंगावरही नको.

मिश्रणाचं माप 100 ग्रॅमला 2 ग्रॅम हार्डनर. डोळ्यांचं माप इथे हमखास चुकतं, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. वापरण्यापूर्वी डबा तळापासून ढवळा, वर पातळ रेझिन (पुट्टीतला चिकट द्रव) तरंगत असतं. मिसळायला काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा हवा, पुठ्ठा रेझिन पितो. गोल गोल फेटू नका, हवा शिरून रंगाखाली भोकं उठतात. पत्तीने दाबत, उलटत, रंग एकसारखा होईपर्यंत मळा. 25 अंशांच्या आसपास हातात साधारण पाच मिनिटं मिळतात आणि वीस-तीस मिनिटांत घासता येते. मे महिन्याच्या दुपारी ती पत्तीवरच धरते, तेव्हा सकाळी उरकावं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा ती सेटच होत नाही. मग लोक ट्यूब पिळतात. जास्तीचा हार्डनर सेट झाल्यावरही आत शिल्लक राहतो आणि पांढऱ्या किंवा फिक्या रंगातून पिवळट-लालसर डाग होऊन वर येतो. उन्ह चढायची वाट पाहणं स्वस्त पडतं.

घासणं कोरडंच. वॉटर पेपर आणि बादली घेऊन बसायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की इथेच काम बिघडतं, कारण उघडी पुट्टी ते पाणी पिते आणि खाली पत्रा गंजतो. सेट झाल्यावरही वरचा थर किंचित चिकट राहतो, तो थिनरने पुसू नका, 80 च्या पेपरने काढा. हौद्याच्या लांब बाजूंना किमान 30 सेंमीचा लाकडी ठोकळा घ्या आणि तिरके हात मारा. नुसत्या बोटांनी घासलं तर लाटा उठतात. काळ्या स्प्रेची हलकी धूळ मारून घासलं की काळं राहील तो खड्डा. पुढे 120, 180 चा पेपर, मग सरफेसर (रंगाआधीचा जाडसर प्रायमर). पाणी लावायचं ते सरफेसर चढल्यावर, तेही खालची पुट्टी उघडी पडणार नाही इतपतच.

जाडी 3 मिमीच्या आत ठेवा. त्याहून खोल खड्डा आधी डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने वर काढा. कोणी केलेलं काम तपासायचं तर फ्रीजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा ढीग आहे. एक किलो म्हणजे साधारण अर्धा लिटर, 1 मिमी थराने जेमतेम अर्धा चौरस मीटर, आणि त्यातला निम्मा तर घासून धूळ होतो. धूळ आणि रेझिनमधल्या स्टायरीनचा वास दोन्ही छातीला वाईट, कापडी मास्कने वास अडत नाही, कार्ट्रिजवाला लागतो.

पॅकिंगवर मात्र एक गुण कापावा लागेल. झाकण एकदा उचकटलं की नीट बसत नाही, पुट्टी घट्ट होते आणि कधी कधी ट्यूब आधी संपते. सुटी ट्यूब घेताना ती पॉलिएस्टर पुट्टीचीच आहे ना, हे पाहा. घट्ट झालेल्या डब्यात थिनर ओतून चालत नाही. मिसळून उरलेली पुट्टी परत डब्यात टाकलीत तर त्यातल्या हार्डनरने उद्या सगळा डबाच दगड होईल.