हाडांतले डाग: पॅराथायरॉईडचे की पसरलेल्या कॅन्सरचे?

स्कॅनच्या रिपोर्टात शेवटी 'हाडांत अनेक ठिकाणी पोकळ डाग, मेटास्टॅसिसची (म्हणजे पसरलेल्या कॅन्सरची) शक्यता' अशी ओळ आली की बाकीचा रिपोर्ट कुणी वाचतच नाही. पण त्यातला 'शक्यता' हा शब्द रेडिओलॉजिस्टने विचार करून घातलेला असतो. अमुक जागी हाड झिजलंय एवढं फिल्मवर दिसतं, ते कशामुळे झिजलं हे बरेचदा दिसत नाही. दुसऱ्या अवयवातला कॅन्सर हाडात उतरला की असे डाग पडतात. आणि मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथीने बेसुमार हार्मोन सोडलं, तरीही पडतात. या दुसऱ्या डागांना ब्राऊन ट्यूमर म्हणतात. नावात ट्यूमर असला तरी तो कॅन्सर नव्हे. हाड विरघळलेल्या जागी पेशींचा आणि जुन्या रक्तस्रावाचा गोळा साठतो, त्या रक्तातल्या लोहामुळे रंग तपकिरी.

पॅराथायरॉईड ग्रंथी बहुतेकांना चार असतात, एकेक जेमतेम 30 ते 50 मिलिग्रॅमची. थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या असल्या तरी तिच्या कामाशी यांचा संबंध नाही, त्यामुळे 'थायरॉईड तर नॉर्मल आलं होतं' हा मुद्दा इथे गैरलागू. यांचं हार्मोन म्हणजे पीटीएच. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की ते वाढतं आणि हाडातून कॅल्शियम ओढून आणतं. कॅल्शियम पुरेसं झालं की थांबतं. ग्रंथीत गाठ झाली की हे थांबणं बिघडतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: असा रिपोर्ट हातात आला आणि आधीचा कॅन्सर माहीत नसेल, तर कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), फॉस्फरस, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), व्हिटॅमिन डी आणि पीटीएच या रक्ताच्या तपासण्या हाडाची बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) ठरवण्याआधी झालेल्या असाव्यात. कॅल्शियम आणि पीटीएच तर एकाच वेळी काढलेल्या रक्तातून. बायोप्सी टाळा असं मी म्हणत नाही, क्रम बदला म्हणतोय.

आता आकडे. कॅल्शियमची नेहमीची मर्यादा साधारण 8.5 ते 10.5 (mg/dL). समजा रिपोर्टात 10.2 आहे आणि अल्ब्युमिन 2.5 (g/dL). वरवर सगळं ठीक. पण अल्ब्युमिन 4 पेक्षा जितकं कमी, त्याच्या 0.8 पट कॅल्शियममध्ये मिळवायचं असतं, म्हणजे खरा आकडा 11.4 च्या आसपास. दुसरा फसवा आकडा पीटीएचचा. कॅल्शियम 11.6 आणि पीटीएच 48. लॅबची मर्यादा साधारण 15 ते 65 (pg/mL), त्यामुळे 48 साध्या काळ्या अक्षरात छापून येतो आणि नजर पुढे सरकते. वास्तविक कॅल्शियम इतकं चढलेलं असताना निरोगी ग्रंथी गप्प बसायला हवी. ती 48 वर आहे म्हणजे दोष तिच्याकडेच असण्याची दाट शक्यता. (एक जन्मजात, सहसा निरुपद्रवी प्रकारही असाच दिसतो. 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासून तो वेगळा काढतात.)

कॅन्सरमुळे कॅल्शियम वाढलं असेल तर चित्र उलटं: कॅल्शियम वर, पीटीएच तळाला. चढही वेगळा. ग्रंथीच्या आजारात कॅल्शियम बहुधा 12 च्या आत, वर्षानुवर्षं रेंगाळत राहतं. जुन्या फायली उघडल्या तर चार वर्षांपूर्वीही ते 10.9 असल्याचं सापडतं, शिवाय मुतखडे, बद्धकोष्ठ, न जाणारा थकवा. कॅन्सरमध्ये ते काही आठवड्यांतच 13 च्या वर जाऊ शकतं आणि माणूस डोळ्यांदेखत खचतो. फॉस्फरस ग्रंथीच्या आजारात सहसा खाली असतो. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड झिजताना-भरताना रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र दोन्हींकडे वाढतं, त्यावरून निवाडा करू नये.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, आणि दिलासा शोधणारा माणूस नेमकी तीच विसरतो. कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे कॅन्सर नाही, असं अजिबात नाही. हाडात पसरलेला कॅन्सर असलेल्या अनेकांचं कॅल्शियम नॉर्मलच असतं. तसंच कॅल्शियम नॉर्मल आणि पीटीएच थोडं वाढलेलं, हे डी जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही सर्रास दिसतं. तेवढ्याने पोकळ डागांचा उलगडा होत नाही. किडनी निकामी असलेल्यांत मात्र कॅल्शियम न वाढताही ब्राऊन ट्यूमर होऊ शकतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. काही मशीनवर त्यामुळे पीटीएच खोटंच कमी येतं, आणि मग ग्रंथीचा रुग्ण थेट कॅन्सरच्या रांगेत.

फिल्मवरही थोडे धागे मिळतात. कॅन्सर मणके, कमरेचं हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग इथे रमतो. कोपर-गुडघ्याच्या खाली तो क्वचित उतरतो. उलट पीटीएचचा मारा सगळ्या सांगाड्यावर असतो, म्हणून हाताच्या बोटांचा साधा एक्स-रे कामाला येतो: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची, अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसते. ही खूण दिसली नाही तरी आजार नाही असं नव्हे. पेट स्कॅनवर 'चमकलं' याला फार वजन देऊ नका, ब्राऊन ट्यूमरही चमकतो. बायोप्सीसुद्धा गोत्यात आणू शकते. ब्राऊन ट्यूमरमधल्या महापेशी (जायंट सेल) हाडाच्या जायंट सेल ट्यूमर या वेगळ्या गाठीतल्यासारख्याच दिसतात, तेव्हा नमुन्यासोबत कॅल्शियम-पीटीएचचे आकडे पॅथॉलॉजिस्टकडे जायलाच हवेत.

पीटीएच तळाला असेल तर मात्र ग्रंथीचा नाद सोडून मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरच्या) तपासण्या आणि मूळ कॅन्सरचा शोध लगेच सुरू व्हावा. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढलेले आले, तर कॅल्शियमचा दोष बहुतेक वेळा ग्रंथीचा. डागांचा निर्णय तरीही वेगळा घ्यावा लागतो, कारण दोन्ही आजार एकाच अंगात नांदू शकतात, आणि अशा वेळी बायोप्सीला पर्याय नसतो.

उपचारांच्या वाटा तर पूर्ण वेगळ्या. ग्रंथीची गाठ काढली की ब्राऊन ट्यूमर बहुधा महिन्यांच्या हिशोबाने आपोआप भरून येतात. 1925 साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हाचा समज उलटा होता, ग्रंथी कमी पडल्याने हाडं झिजतात असा, म्हणून त्यांनी त्या रुग्णाला आधी पॅराथायरॉईडचाच अर्क देऊन आणि दुसरी ग्रंथी रोपून पाहिलं होतं. उपयोग झाला नाही, मग गाठ काढली आणि रुग्ण सुधारला. आज धोका शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत असतो: भुकेली हाडं कॅल्शियम इतक्या वेगाने ओढतात की रक्तातलं कोसळतं, ओठ-बोटांना मुंग्या येतात.

हे सगळं हाताशी वेळ असेल तर. पायांतली ताकद जातेय, लघवी अडलीय किंवा नकळत होतेय, रुग्ण उलट्या करत गुंगीत जातोय, असं काही असेल तर पीटीएचच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. पीटीएचचं रक्त तिथेही काढता येतं.