उणे दहाचा हट्ट आणि निना

एप्रिलची रात्र, धायरीची गच्ची, पायाखालची फरशी अजून तापलेली. निना, म्हणजे आकाशाचे फोटो काढताना कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, उघडलं, कॅमेऱ्याच्या पानावर सेन्सरचं तापमान -10 टाकलं आणि बर्फाच्या चिन्हाचं बटण दाबलं. थोड्या वेळाने बघतो तर कॅमेऱ्यातला कूलर शंभर टक्क्यांवर आणि आकडा -3 वर अडून बसलेला. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, लॅपटॉपला शिव्या घातल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. माझा एएसआय 533 एमसी प्रो कॅमेरा भोवतालच्या हवेपेक्षा साधारण 35 अंश खाली जातो. हवा 32 वर असेल तर उणे दहा कुठून आणणार? चौथीतली वजाबाकी!

भरीला अडॅप्टर. बाजारातून आणलेला, 12 व्होल्ट 2 अँपिअरचा. "चालतंय की साहेब," म्हणून दुकानदाराने गळ्यात मारला. कूलरसाठी कंपनीच 3 अँपिअरचा अडॅप्टर सुचवते. ताण आला की कॅमेरा मधेच गायब व्हायचा. 5 अँपिअरचा घेतल्यापासून ती कटकट संपली.

आता उन्हाळ्यात सरळ 0 ठेवतो. संध्याकाळी कूलर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो, मध्यरात्रीनंतर उतरतो, आणि तापमान रात्रभर हलत नाही. शंभर टक्क्यांवर धापा टाकणारा कूलर काय कामाचा? तापमान हललं की डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले, सेन्सरचा गोंगाट फोटोतून वजा करायला वापरायचे फोटो) जुळत नाहीत, मग कूलर असून नसून सारखाच. सहा-सात अंशांनी सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने तयार होणारा खोटा सिग्नल) साधारण निम्मा होतो हे खरं, पण 0 वरसुद्धा या सेन्सरचे डार्क स्वच्छ येतात. डिसेंबरात मात्र -10 आरामात मिळतं.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, 100. तिथे या कॅमेऱ्याचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना भर पडणारा गोंगाट) एकदम खाली येतो, दीड इलेक्ट्रॉनच्या आसपास. 90 किंवा 95 ठेवण्यात काही हशील नाही. ऑफसेटसाठी (काळा भाग शून्यावर कापला जाऊ नये म्हणून मिळवायचा आकडा) झाकण लावून सगळ्यात छोट्या एक्सपोजरची फ्रेम घ्या आणि निनाच्या आकडेवारीच्या चौकटीत 'मिन' बघा. तिथे शून्य दिसलं तर ऑफसेट वाढवा. माझं ऑफसेट 20 वर शून्य येत होतं, 50 केल्यावर ते गेलं. एवढ्याशा चौकटीने माझी दोन महिन्यांची शंका मिटवली, त्यासाठी निनाला पूर्ण गुण.

थंड करताना आणि परत गरम करताना दहा-दहा मिनिटांचा अवधी देतो, तोही तिथेच भरता येतो. मुळशीकडे जायचं असेल तर ड्यू हीटर (दव रोखणारा) चालू. तिकडे पहाटे टेबलसुद्धा दवाने ओलं होतं.

डार्क मात्र पावसाळ्यात, घरीच, कपाटात. 0 अंश, गेन 100, 180 सेकंदांच्या 30 फ्रेम. "झाकण लावून कसले रे फोटो काढतोस?" आई दर जुलैत विचारते.

निना फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि पहिल्या आठवड्यात इतके टॅब बघून गांगरायला होतं. फाइलच्या नावात तापमान आणि गेन येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा. मी केली नव्हती. 400 फ्रेम हाताने वेगळ्या कराव्या लागल्या.